आबाचा उलटा हात

जळगाव, शुक्रवार, मार्च १९३८

पडवीतली वायर तुटली. तिच्यात वीज आहे का ते पाहायला मी चाचणीचा दिवा आणला आणि आधी तो वीज असलेल्या दुसऱ्या जागी पेटतो ना, ते बघत होतो. तेवढ्यात हिच्या भावाने, धुळ्याच्या आबाने, हाताची उलटी बाजू थेट तारेला टेकवली. "यामा काहीच नही शे!"

ही केवढी हसली! मला म्हणाली, "तुम्ही बसा दिवा ओवाळत."

जेवताना तूपही आधी त्यालाच.

पण तो उलटा हात तारेकडे जाताना मी पाहिला होता. "थांब" म्हणालो नाही. झटका बसावा असं वाटलं का मला? हो, थोडासा. पण थोडासा म्हणजे किती, हे तारेला कसं कळणार होतं?