लोंबता दोरा

लिहून ठेवते मी, क्रिकेटचे पॅड आणि हातमोजे शिवणारी, वय अठ्ठ्याहत्तर, विधवा, राहणार स्वतःच्या घरात. माझी उजवी बाजू गेली आहे, डोकं गेलेलं नाही. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हे मृत्युपत्र मी कोणाच्या धाकाने वा लाडीगोडीने करत नाही; लाडीगोडी करणारं माणूस या घरात उरलेलं नाही. अक्षर डाव्या हाताचं आहे, तेव्हा कोणी नावं ठेवू नयेत. याआधी मी असा कागद केलेला नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखंही काही नाही.

कलम एक. बँकेतली ठेव धाकट्या मुलाला. त्याचं पहिलं दुकान, आणि ते बुडाल्यावरचं दुसरं दुकान, दोन्ही माझ्या सुईवर उभी राहिली. ठेव तिसऱ्या दुकानात घालू नये असं लिहिणार होते, पण पालथ्या घड्यावर पाणी. त्याला सुखाने राहू द्यावं.

कलम दोन. माझी आरी, जाड सुया, मेणाचा गोळा आणि उरलेलं कातडं थोरल्या मुलीला. तिला यातलं काही वापरता येत नाही, हे मला माहीत आहे. का देते ते कलम पाचमध्ये येईल.

कलम तीन. क्रिकेट संघाचे जुने व्यवस्थापक यांस माझ्याकडून काहीही देऊ नये. ते वारले असतील तर त्यांच्या वारसांनाही देऊ नये. ते भेटायला आले तर चहा विचारावा, आणि ते हो म्हणाले तर साखर संपली आहे असं सांगावं.

याचं कारण लिहिते, म्हणजे मागाहून कोणी म्हातारीला खुनशी म्हणणार नाही. आमच्या धंद्यात एक रीत आहे. आपला माणूस मैदानात खेळत असताना त्याच्या सामानाचा टाका पुरा करायचा नाही. शिवण चालू ठेवावी, पण शेवटची गाठ मारू नये, दोरा लोंबता ठेवावा. तो बाद होऊन आला की गाठ. माझ्या सासऱ्यांनी मला हे सुई हातात देण्याआधी शिकवलं. मला ती नुसती रीत वाटायची, दाराशी चपला सरळ ठेवतात तशी.

मग लंबू आला. लंबू म्हणजे आपला सलामीचा उंच फलंदाज, जो आज माझ्या उशाशी बसून रोपांच्या भावाविषयी डॉक्टरांशी वाद घालतो आहे. एका कसोटीत त्याच्या पॅडचा पट्टा मी शिवत होते आणि त्याचं शतक झालं. व्यवस्थापकांना रीत ठाऊक होती. त्यांनी गाठ न मारलेला तो पट्टा माझ्या हातून घेतला आणि कपाटात कुलूप लावून ठेवला. पुढच्या कसोटीत शतक. त्याच्या पुढच्या कसोटीत शतक. सलग पाच कसोट्यांत पाच शतकं झाली. लोक त्याच्या घरासमोर उभे राहायला लागले, व्यवस्थापक कपाटाला हात जोडायला लागले.

पाचव्यानंतर लंबू माझ्या कामाच्या खोलीत आला. उभाच राहिला.

"काकू, ही शतकं माझी नाहीत."

म्हटलं, "मग काय माझी आहेत?"

"मी समोरच्या टोकाला उभा असतो. जोडीदाराच्या शेजारी. तिथून बघतो. इकडे खेळतो तो दुसराच कोणीतरी आहे. अगदी माझ्यासारखा दिसतो. पण त्याला घाम येत नाही."

मी त्याला जेवायला वाढलं. तो ताटाकडे बघत बसला. म्हणाला, भूक म्हणजे कसं असतं ते आठवत नाही. तेव्हा मला भीती वाटली. माझ्या आयुष्यात मला भीती फार थोड्या वेळा वाटली आहे, आणि ही त्यांतली मोठी.

सहाव्या कसोटीत तो नव्वदीत असताना मी व्यवस्थापकांना म्हटलं, पट्ट्याला कसर लागेल, मेण लावून देते. त्यांनी कपाट उघडलं. मी त्यांच्यासमोर गाठ मारली. पुढच्याच चेंडूवर लंबूचा त्रिफळा उडाला. तो आत आला, पॅडसकट जमिनीवर बसला आणि लहान पोरासारखा रडला, आणि मग त्याने दोन माणसांचं जेवण खाल्लं. त्यानंतर त्याचं एकही शतक झालं नाही. व्यवस्थापकांनी माझं काम त्याच संध्याकाळी बंद केलं. केलेल्या गोष्टीचा मला आजही आनंद आहे.

कलम चार. राहतं घर, पुढची खोली, मधली खोली, स्वयंपाकघर आणि मागची कामाची खोली, थोरलीला, कलम पाचच्या अटीवर.

घराबरोबर काय येतं तेही सांगायला हवं. लंबूची गाठ मारली त्या दिवसापासून मागच्या खोलीत टकटक ऐकू यायची. गोलंदाज धावत येत असताना फलंदाज बॅट जमिनीवर टेकवत वाट बघतो ना, तशी. टक, टक, मग थांबायची. फटक्याचा आवाज कधी यायचा नाही. नवऱ्याला ऐकू येत नव्हती, मला यायची. माणसाला कशाचीही सवय होते. माझा नातू, थोरलीचा मुलगा, ज्याला आम्ही ठोंब्या म्हणतो, सुटीत त्याच खोलीत झोपायचा. एकदा म्हणाला, "आजी, मागे कोण खेळतंय?" म्हटलं, "खेळू दे, तू झोप."

ठोंब्या मोठा झाला, संघात आला. पहिल्या कसोटीआधी आपल्या जुन्या पॅडचा पट्टा माझ्याकडे टाकून गेला. म्हणाला, "तुझ्या हातचा टाका असू दे घरात." रेडिओवर त्याची खेळी ऐकत मी तो शिवत होते. त्याचं शतक झालं, मग तो बाद झाला. मी गाठ मारायला दोरा वळवला आणि माझा उजवा हात तिथेच थांबला. तो आजपर्यंत हललेला नाही. दोरा लोंबता राहिला. मागची खोली त्या दिवसापासून गप्प आहे.

ते पहिलं धरून ठोंब्याची सलग चार शतकं झाली आहेत. चौथ्याच्या दिवशी त्याचा फोन आला. मी विचारलं, "जेवलास का रे?"

तो म्हणाला, "तो जेवला असेल."

कलम पाच. अपुऱ्या टाक्याचा तो पट्टा थोरलीला. परक्याच्या टाक्याला गाठ मारत नाहीत, आणि एका हाताने मला मारता येत नाही. दातांनी मारली असती, पण दात कपाटात आहेत. म्हणून हा टाका मी तिच्या नावे करते. आजपासून तो तिचा. तिने गाठ मारावी.

तिला मी हे तोंडाने सांगून बघितलं आहे. ती म्हणते, "अगं आई, आणखी एक होऊ दे. लंबूकाकांची बरोबरी होईल. मग मारते." तिने इथे मधल्या खोलीत ठोंब्याच्या शतकांचे भिंतभर फोटो लावले आहेत. बाळ, ते फोटो एकदा ओळीने बघ. पहिल्यात तो हसतो आहे. चौथ्यात बॅट वर आहे आणि डोळे समोरच्या टोकाकडे लागले आहेत, जिथे एकटे पंच उभे आहेत. आई आहेस, तुला दिसायला हवं. बरोबरी झाली की तू म्हणशील, आता एक वरचढ होऊ दे. तोवर घरी कोण परत येईल, याचा विचार कर.

थोरलीने गाठ मारली नाही, तर घर धाकट्याला जाईल, आणि तो ते दुकानात घालील. हे तिला नीट ठाऊक आहे.

कलम सहा. गाठ मारल्यावर टकटक या घरात परत येईल. ती थोरलीच्या वाट्याला ठेवायची माझी इच्छा नाही. म्हणून गाठ मारलेला पट्टा माझ्या डाव्या हातात द्यावा आणि मला निरोप देताना काढून घेऊ नये. जो कोणी आहे त्याला मी बरोबर नेते. तिकडे खेळायला जागा आहे की नाही, ते आम्ही दोघं बघून घेऊ.

कलम सात. लंबूला काही ठेवत नाही, कारण त्याला साक्षीदार करायचं आहे, आणि घेणारा साक्षीदार नसावा असं वकील म्हणतात. त्याला एकदा दिलं आहे तेवढं पुरे.

ठिकाण: राहत्या घरी, पुढच्या खोलीत.
दिनांक: ठोंब्याच्या पाचव्या कसोटीचा तिसरा दिवस.

लिहून ठेवणार: (सही, डाव्या हाताची) पॅड शिवणारी

साक्षीदार: १. (सही) लंबू, निवृत्त सलामीवीर, हल्ली रोपवाटिका
२. (सही) गल्लीतल्या दवाखान्याचे डॉक्टर

साक्षीदार क्रमांक एकची टीप, काकूंच्या सांगण्यावरून जोडली आहे:

सहीआधी मी हा कागद सर्वांना वाचून दाखवला. रेडिओ बारीक चालू होता, ठोंब्या चौऱ्याण्णववर होता. कलम पाच वाचून झालं तेव्हा थोरली उठून आत गेली. बराच वेळ ती फोटोंच्या भिंतीसमोर उभी होती. मग पट्टा घेऊन आली आणि म्हणाली, "आई, एक टोक धर." काकूंनी डाव्या हाताने धरलं. थोरलीने गाठ मारली, वर आणखी एक मारली. रेडिओवर ठोंब्याचा त्रिफळा उडाला.

खेळ संपल्यावर त्याचा फोन आला. थोरलीने तो सगळ्यांना ऐकू येईल असा धरला. तो म्हणाला, "आई, फार भूक लागलीय गं." ती रडायला लागली, आणि मीही.

तेवढ्यात मागच्या खोलीत टकटक सुरू झाली. मला तो आवाज ओळखीचा आहे. डॉक्टरांनी विचारलं, मागे कोण राहतं? मग ती टकटक मधल्या खोलीत आली, मग पलंगाच्या पायाशी. काकूंनी पट्टा छातीवर ठेवला, पेन उचललं आणि पायांकडे बघत म्हणाल्या, "आलास? थांब जरा, सही होऊ दे."

सही होईपर्यंत तो थांबला.