तेलाच्या डब्यावरच्या चिठ्ठ्या

ती. ताईस धाकट्याचा नमस्कार.

मी बरा आहे, हे आधीच लिहितो, म्हणजे पुढचे वाचताना तू घाबरणार नाहीस.

भाव वाढला की दुकानातल्या जुन्या मालावर नव्या किमतीची चिठ्ठी चिकटवण्याचे काम माझ्याकडे होते. सोमवारी शेजारच्या खोलीतल्या सुतारकाकांनी तेलाचा डबा उचलला आणि नखाने चिठ्ठी सोलली. खाली दुसरी निघाली, तिच्याखाली तिसरी.

"मालक, हा डबा आहे की कांदा?" काका म्हणाले. सगळे हसले.

ते हसणे मालकाला झोंबले. त्याने दोन किलोचे वजन उचलून काकांच्या तोंडावर हाणले. दात फरशीवर पडले. काकांनी डबा फिरवून मालकाचे मनगट मोडले. मग माल लुटायला लोकच एकमेकांवर तुटून पडले. सांडलेल्या तेलात घसरत, रक्ताळलेल्या हातांनी साखरेची पोती ओढत होते. बरणी फुटून काच माझ्या कपाळात घुसली. टाके पडले, पण डोळा वाचला.

पोलिसांपुढे मालक म्हणाला, "सांग रे, आधी सुताराने मारले ना?" मी पाहिले तेच सांगितले.

आईजवळ टाक्यांचे बोलू नकोस. मालकाने सुट्टी दिली आहे, एवढेच सांग. तो परत बोलावणार नाही, हे तुझ्यापाशी ठेव.

आई अजून बिनतेलाची भाजी करून "मला अशीच आवडते" म्हणते का? तिचे ऐकू नकोस. चमचाभर तेल घालत जा. काम मी शोधतो.

कपाळ सोडून बाकी धडधाकट असलेला,
तुझा धाकटा