दोन व्हॉल्व्हचं किट

सोंबोर, ९ ऑक्टोबर २०१७

ती. विदाताईस,
तिहोमीरचे तीन मुके आणि सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि ऐवार चटणीच्या बरण्या एकाच दिवशी पोचल्या. एक बरणी वाटेत फुटली, त्यामुळे तुझ्या पत्रालाही भाजलेल्या मिरच्यांचा वास लागला आहे. उरलेल्या तीन मी नोव्हेंबरपर्यंत पुरवीन असं ठरवलंय. तुला खोटं वाटणार, ते माहीत आहे.

आता कामाचं. माझ्या तबकड्यांच्या संचातला आवाज उचलणारा प्रीअँप्लिफायर गेला. दुरुस्तीवाला म्हणाला की याचे भाग आता मिळत नाहीत, नवा घ्या. माझी बायको नेवेंका जाऊन पाच वर्षं झाली, घरात आवाज तो तेवढाच होता. पण नवा विकत घेण्यापेक्षा स्वतः बनवावा असं डोक्यात आलंय. हल्ली जुन्या रेडिओत असायचे तसल्या काचेच्या व्हॉल्व्हची किटं मिळतात. सुटे भाग, नकाशा, खोकं सगळं येतं, आपण घरी बसून जोडायचं.

तीन पाहून ठेवलीत. पहिलं लहानसं, साध्या अडॅप्टरवर चालणारं, व्हॉल्व्हच्या खाली निळे दिवे लागतात. दुसरं नोवी सादचा लास्लो नावाचा निवृत्त इंजिनियर पाठवतो. त्यात छापील पट्टी नाही, प्रत्येक भागाचा पाय दुसऱ्याच्या पायाला आपणच जोडायचा. तिसऱ्याचं मुख्य काम आधीच झालेलं असतं, आपण चार तारा स्क्रूखाली दाबायच्या. मला तिसरं बरं वाटतं. डोळ्यांना त्रास नको.

अठ्ठावीस वर्षं व्हॉल्व्हच्या कारखान्यात काढलेली बहीण असताना मी परक्यांना का विचारू? फोन केला असता, पण आपल्याकडे फोन वाईट बातमीला आणि घरच्या संताच्या सणाला, स्लावाला, बाकी सगळं पत्रात. आईने लावलेली सवय मोडवत नाही.

लोभ आहेच, तो बरण्यांसारखा पाठवत राहा.
तुझा तिहोमीर


निश, १७ ऑक्टोबर २०१७

चि. तिहोस,
विदाचे अनेक आ. आणि कपाळावर एक मुका.

तीन बरण्या नोव्हेंबरपर्यंत! तू पत्र टाकायला टपालात गेलास तोवर एक संपली असणार.

निळ्या दिव्यांचं किट आधी डोक्यातून काढ. बारा व्होल्टवर व्हॉल्व्ह उजळतो, काम करत नाही. कारखान्यात असल्या मालाला आम्ही नाताळचे दिवे म्हणायचो. त्याला नीट चालायला दोन-अडीचशे व्होल्ट लागतात.

आता मला सांग, तू त्यावर काय लावणार? तबकड्याच ना? मग तुझ्या त्या तिसऱ्या किटच्या माहितीत तबकडीची सुई जोडायची सोय लिहिली आहे का, ते बघ. सुईतून येणारा आवाज इतका बारीक असतो की तो उचलायला वेगळी पायरी लागते. ती नसेल तर चार तारा दाबून तू खोकं सुरू करशील आणि समोर नुसती शांतता ऐकत बसशील.

शेजारची रूझित्सा विचारत होती की तुझा भाऊ अजून लग्नांत वाजवतो का. तिच्या पुतणीचं लग्न आहे. तिला काय सांगू?

तब्येत जप. पत्राची वाट पाहते, लवकर टाक.
तुझी विदा


सोंबोर, ६ नोव्हेंबर २०१७

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू म्हणालीस तसंच निघालं. तिसऱ्यात सुईची सोय नाही. वेगळं खोकं घेऊन जोडता येईल म्हणतात. तसं करू का? लास्लोच्या किटमध्ये साठच्यावर सांधे आहेत, मी मोजले. माझा चष्मा जुना झालाय.

रूझित्साला सांग की तिहोमीरने वाद्यवृंद सोडला. उन्हाळ्यातच सोडला, तुला सांगायचं राहून गेलं. एकतीस वर्षं तंबुरिकेच्या तारा छेडल्या, आता तरुणांना जागा करून द्यावी. मंडळी म्हणाली, राहा रे, नुसता बसलास तरी चालेल. पण लग्नात नुसतं बसणाऱ्याला वरमाय जेवण वाढत नाही.

तंबुरिका कपाटावर ठेवली आहे. आता ऐकण्याचेच दिवस. म्हणून तर हे किटचं खूळ.

लोभ कमी होऊ देऊ नकोस.
तुझा तिहोमीर


निश, १५ नोव्हेंबर २०१७

चि. तिहोस,
अनेक आ.

एकतीस वर्षांचं वाद्य सोडलं आणि सांगायचं राहून गेलं! दात काढला असतास तरी मला दोन पानं लिहिली असतीस. बरं, ते तुझं तू जाण.

पण खोक्याला खोकं जोडायचं नाही. लास्लोचंच घे. साठ सांधे म्हणजे रोज पाच केलेस तर दोन आठवड्यांत संपले. लहानपणी तू चाकूच्या टोकाने चेरीच्या बीवर जहाज कोरायचास, आता चष्म्याचं कारण सांगतोस. छापील पट्टी नाही हेच त्याचं बळ आहे. उद्या काही बिघडलं तर डोळ्याला दिसतं, हाताला सापडतं, आणि तो भाग बदलता येतो. असं यंत्र तुझ्यामागेही चालेल.

व्हॉल्व्ह त्याच्याकडून घेऊ नकोस. कारखाना बंद झाला तेव्हा शेवटच्या पगाराऐवजी आम्हाला माल दिला होता. पलंगाखालची पेटी सोळा वर्षांनी उघडली. त्यातले सहा पाठवते. सहाही मी स्वतः तपासलेले आहेत. तुला दोनच लागतील, बाकीचे राहू देत.

एक गोष्ट शपथेवर पाळ. बंद केल्यावरही त्याच्या पोटात वीज राहते. आधी ती उतरव, मगच हात घाल, आणि तोही एकच. दुसरा खिशात ठेव. आमच्याकडे नव्या मुलींना पहिल्या दिवशी हेच शिकवायचे.

आणि अक्षर जरा मोठं काढ. कागद वाचवतोस की शाई? शेवटच्या ओळीला मला भिंग घ्यावं लागलं.

स्लावाला फोन करीनच. तोवर आशीर्वाद.
तुझी विदा


सोंबोर, १२ जानेवारी २०१८

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

नव्या वर्षाच्या शुभेच्छा उशिरा देतोय, माफ कर. लास्लोचं किट आलं. जड आहे, पेटी सुंदर आहे. काम हळूहळू चाललंय. बोट थोडं भाजलं, त्याचं काही विशेष नाही.

तुझ्या सहा व्हॉल्व्हपैकी एक टपालात फुटला असावा. पाच आहेत.

थंडी फार आहे.
तुझा तिहोमीर


निश, २० जानेवारी २०१८

प्रिय तिहो,

आज रीतीचे मायने बाजूला ठेवते.

व्हॉल्व्ह टपालात फुटला नाही. मी ते अंड्यांच्या खोक्यात लोकर भरून पाठवले होते, आणि स्लावाच्या दिवशी फोनवर तू स्वतःच सांगितलंस की सहाही शाबूत पोचले. तो तुझ्या हातून पडला.

परवा तुझी चार वर्षांची पत्रं काढली आणि टेबलावर ओळीने मांडली, दिव्याखाली. आधीच्या पत्रांत तुझं अक्षर होतं तसंच आहे, ऐसपैस. मागच्या वसंतापासून ते लहान होत गेलंय. प्रत्येक ओळ ठीक सुरू होते आणि शेवटाकडे आक्रसत जाते. माझी अठ्ठावीस वर्षं दोन वस्तूंमधला फरक शोधण्यात गेली रे. इतका मोठा फरक मला दिसायला नऊ महिने लागले, आणि दिसला तेव्हा मी शाईची थट्टा केली.

रूझित्साच्या नवऱ्याचं असंच सुरू झालं होतं. म्हणून विचारते, आणि खरं सांग. उजवा हात थरथरतो का? काही करत नसताना, मांडीवर ठेवलेला असताना? वाद्यवृंद त्यासाठीच सोडलास ना? आणि चार तारांचं किटही त्यासाठीच हवं होतं.

तू मला सोपं किट मागत होतास आणि मी माझ्या कारखान्याच्या तोऱ्यात तुझ्या गळ्यात साठ सांधे मारले. याबद्दल मला माफ कर. आता त्याला हात लावू नकोस. थरथरता हात आणि अडीचशे व्होल्ट, या विचाराने मला घास उतरत नाही.

लगेच लिही.
विदा


सोंबोर, २९ जानेवारी २०१८

ती. ताईस,

हो. ताई, हो.

मे महिन्यात एका लग्नात नवरी नाचायला उठली आणि माझं बोट तारेवर दोनदा पडायचं तिथे सात वेळा पडलं. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याने नवीन काहीतरी काढलं. टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांची मला इतकी लाज वाटली की दुसऱ्या दिवशी मी वाद्य कपाटावर ठेवून दिलं.

डॉक्टरकडे गेलो नाही. गेलो की त्याला नाव मिळेल. नाव नाही तोवर मला म्हणता येतं की थंडी आहे, कॉफी जास्त झाली, झोप झाली नाही. किट मागवलं तेव्हा मनात होतं की एक गोष्ट तरी या हातांनी पुरी करून बघू. झाली तर काही झालेलं नाही, असं मी मलाच सांगितलं होतं. नऊ सांधे झाले. दहाव्याला सोल्डरची तापलेली सळई मनगटावर पडली, तुला मी बोट म्हणून लिहिलं. व्हॉल्व्ह त्याआधी फुटला. मी खाली बसून एकेक काच वेचली आणि तुला खोटं लिहिलं.

तू माफी कशाची मागतेस? तुला मी चष्म्याचं सांगितलं होतं. किट तू बरोबरच निवडलंस, फक्त ते ज्याच्यासाठी निवडायचं तो माणूस मी तुला खोटा सांगितला.

हे पत्र लिहायला दोन दिवस लागले. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, जमलंय का?
तिहोमीर


निश, ३ फेब्रुवारी २०१८

चि. तिहोस,

जमलंय. प्रत्येक शब्द वाचता आला.

गुरुवारच्या बसने निघते. बेलग्रेडला बदलून संध्याकाळी पाचला सोंबोरला पोचते. माझी सळई, चिमटा आणि मीटर बरोबर आणते. शुक्रवारी सकाळी आपण डॉक्टरकडे जायचं आणि तिथून आल्यावर किट उघडायचं. हा क्रम बदलणार नाही. तू मासे शिजवून कितीही लाडीगोडी लावलीस तरी नाही.

विदा


सोंबोर, २६ फेब्रुवारी २०१८

ती. ताईस,
तीन मुके आणि सा. न. वि. वि.

सुखरूप पोचल्याचं तुझं कार्ड मिळालं. मोठी डॉक्टरीणबाई शुक्रवारी पुन्हा भेटली. तू असताना तिने जे नाव घेतलं तेच कायम, पार्किन्सन. गोळ्या लागू पडतायत. ती म्हणाली की हा पाहुणा जाणार नाही, पण त्याला बरीच वर्षं ओसरीवर बसवून ठेवता येईल. मी विचारलं, वाजवता येईल का. ती म्हणाली, लग्नात नको, घरात रोज वाजवा, हाताला ते औषधच आहे. म्हणून तंबुरिका खाली काढली. काल वाद्यवृंदाची मंडळी आली होती. त्यांना सगळं सांगितलं. वयाने सगळ्यात मोठा असलेला स्लावोल्युब उठला आणि कॉफी करायला गेला, माझ्या घरात, माझ्या चुलीवर. त्या कॉफीत साखर नव्हती आणि मी तीही प्यालो.

आता मनातलं विचारतो. तुझे ते चार दिवस माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. मी नकाशा वाचून सांगायचो, तू सांधा द्यायचीस, आणि माझ्या नऊपैकी सात तू मान्य केलेस हे मी सगळ्या गावाला सांगितलंय. पहिल्यांदा सुरू केला तेव्हा घूं करत राहिला, आणि तू व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारा सोडवून त्यांना वेणीसारखा पीळ घातलास तेव्हा तो गप्प झाला. इथवर तू हसत होतीस. मग मी तबकडी लावली. एक बाजू पुरी होईपर्यंत तू अंगात कोट घालून खुर्चीच्या काठावर बसलीस, एक शब्द बोलली नाहीस, आणि बसची वेळ झाली म्हणून उठलीस. दारातही काही बोलली नाहीस.

पाच व्हॉल्व्हमधून दोन मी कानाने निवडले, तुझं मीटर पाचही सारखेच म्हणत होतं. त्याचा राग आला का? की आवाज पसंत पडला नाही? खरं लिही. आता आपल्यात लपवाछपवी नको.

लोभ आहे तो असाच राहू दे.
तुझा तिहोमीर


निश, ५ मार्च २०१८

चि. तिहोस,
विदाचे अनेक आ. आणि दोन्ही गालांवर मुके.

राग कसला रे वेड्या.

आमच्या तपासणीच्या दालनात चाळीस बायका बसायच्या. प्रत्येकीसमोर एक खाच आणि एक काटा. व्हॉल्व्ह खाचेत बसवायचा, काटा हिरव्या पट्ट्यात गेला तर उजवीकडे, नाही गेला तर डावीकडे. दिवसाला सहाशे. भट्ट्यांचा आवाज इतका की शेजारणीशी बोलायचं तर हातवारे करायचे. उजवीकडचे खोक्यात जायचे, खोकी गाडीत, गाडी कुठे जायची ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. घरी माझ्याकडे साधा ट्रान्झिस्टर, बातम्यांपुरता.

तिहो, माझ्या हाताखालून गेलेला एकही व्हॉल्व्ह मी गाताना ऐकला नव्हता. एकही नाही. तुझ्या खोलीत पहिल्यांदा ऐकला.

तबकडीतल्या त्या गाणाऱ्या बाईने श्वास घेतला तो ऐकू आला, गाण्याच्या आधीचा. मला वाटलं, खोलीत कुणीतरी आलंय. तू डोळे मिटून बसला होतास, हात मांडीवर थरथरत होता आणि तुला त्याचं भान नव्हतं. मी मनात हिशेब करत होते, दिवसाला सहाशे, अठ्ठावीस वर्षं, म्हणजे किती घरांतून असं कुणी गायलं असेल. पुढे मोजता येईना. तोंड उघडलं असतं तर रडू फुटलं असतं आणि बस चुकली असती. बसमध्ये मात्र बेलग्रेडपर्यंत रडले. शेजारच्या माणसाने मला अर्धा सँडविच दिला. त्याला वाटलं, कुणीतरी गेलं.

मी लास्लोला परवा पत्र टाकलंय. माझ्यासाठी एक किट पाठव म्हणून. पेटीत अजून एकवीस व्हॉल्व्ह आहेत. मीटरला ते सगळे सारखे दिसतात. तेव्हा ईस्टरनंतर गोळ्या बरोबर घेऊन ये आणि मला दोन निवडून दे.

येशील तेव्हा तंबुरिका आण. रूझित्सा ऐकायला बसणार आहे, तिला मी सांगून ठेवलंय की हात थरथरेल आणि तिने त्यावर टाळ्या वाजवायच्या नाहीत.

वाट पाहणारी,
तुझी विदाताई