बत्तीस जोड

आई, तुझ्या डोक्याला काहीही झालं नव्हतं. हे एवढं एक वाक्य तू होतीस तेव्हा अकरा वर्षं मला म्हणता आलं असतं. तू जाऊन एकोणीस वर्षं झाल्यावर मी ते कागदावर लिहिते आहे, म्हणजे माझ्या कामाचा उरक बघ. फौंड्रीच्या कार्डावरची ती चिप तुझ्या हातनं जळली नव्हती, माझ्या हातनं जळली. हे लिहिताना छातीत धडधडेल असं वाटलं होतं, पण तसलं काही होत नाही. गॅसवर दूध ठेवलंय, तिकडं एक डोळा आहे.

आज दुपारी कॉलेजच्या लॅबमध्ये एका पोरीनं चिप जाळली. जुन्या कॉम्प्युटरच्या चिपांचं खूळ पुन्हा आलंय बघ. पोरं भंगारातनं चाळीस-चाळीस वर्षांच्या चिपा शोधून आणतात आणि त्यांच्या पायांना एलईडी लावून उघडझाप करायला लावतात. हिनं एलईडी थेट पायाला लावला, एक नाही, ओळीनं आठ, मध्ये करंट रोखणारा रेझिस्टर नाही, काही नाही. चिप इतकी तापली की बोट ठेववेना. वास सुटल्यावर मी विचारायच्या आत ती उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, मीच केलं. रेझिस्टर घालायचं ध्यानातच न्हाय राह्यलं." मागनं कोणतरी ओरडलं, "आयला, जाळलीस व्हय!" सगळी हसली, तीही हसली. मी कपाटातनं दुसरी चिप काढून दिली. पाच मिनिटांत विषय संपला. मी मात्र हातात खडू घेऊन फळ्यापुढं उभी होते आणि काय लिहायला उठले होते ते मला आठवेना.

मग मी त्यांना तुझंच सगळं सांगितलं. उद्यमनगरात मशीनची इलेक्ट्रॉनिक कार्डं बनवायच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये, खिडकीजवळच्या टेबलावर बसून तू मला सांगायचीस तसं. दहावी झालेली बाई, इंग्रजी पुस्तकाला कधी हात लावला नाहीस, पण मालक नवीन माणसाला आधी तुझ्याकडं पाठवायचे. "ह्या चिपांचं पाय लई अशक्त," तू म्हणायचीस. "वढून घेत्यात, पर देत न्हाईत. त्येंच्याकडनं दिवा लावून मागायचा न्हाई. दिव्याला वरनं पाच व्होल्ट द्यायचं, मधी हजाराचा रेझिस्टर, आन् पायाला निस्तं खाली वढायला लावायचं. दिवा मिणमिणता लागू दे की, आपल्याला काय त्येच्या उजेडात भाकरी थापायच्या हाईत? आन् उजेड पायजेच आसंल, तर मधी हमाल घाल." हमाल म्हणजे मधली दुसरी चिप, ओझं उचलणारी. आजही माझी पोरं परीक्षेत बफर लिहितात आणि आपापसात हमाल म्हणतात.

त्या शेडमध्ये एक रीत होती. चिप जळली की फेकायची नाही. ज्याच्या हातनं जळली, त्यानं ती आपल्या टेबलावरच्या भिंतीला चिकटवायची, पाय बाहेर करून. कोण कुणाला बोलायचं नाही, भिंतच बोलायची. मालकांच्या भिंतीवर नऊ होत्या. तुझी भिंत बारा वर्षं कोरी होती. शाळेतनं मी थेट तिकडं यायचे, आणि आधी तुझी भिंत बघायचे. तूच मला सोल्डरिंग शिकवलंस. पहिल्या जोडाला तू माझ्या बोटावर चापट मारलीस. "ही काय गुळाची ढेप केलीस व्हय? पुसून काढ आन् परत कर." महिनाभर मी ढेपाच करत होते. मग एक दिवस तू जोड बघितलास, पुढचं कार्ड माझ्यापुढं सरकवलंस, आणि मी घरी येईपर्यंत रस्त्यात कुणाशी बोलले नाही.

त्या वर्षी मी डिप्लोमाला होते, पहिलं वर्ष, म्हणजे शिंगं फुटलेली. काम तुंबलं होतं म्हणून तू शनिवारी ते कार्ड घरी आणलंस. फौंड्रीतल्या वाळूत पाणी किती सोडायचं ते ठरवणारं. सगळं तपासून तू ते पिशवीत घालून ठेवलंस आणि रविवारी आजऱ्याला लग्नाला गेलीस. मी पिशवी उघडली. तुझ्या पद्धतीनं पाण्याची झडप बंद असली की दिवा लागायचा आणि उघडली की विझायचा. मला ते अडाणीपणाचं वाटलं. आमच्या वहीत एक म्हणजे चालू, शून्य म्हणजे बंद असं होतं. मी आठही एलईडी उलटे फिरवले, त्यांची सामाईक तार पाच व्होल्टवरनं काढून खाली, शून्य व्होल्टला लावली आणि दिवे ठसठशीत दिसावेत म्हणून रेझिस्टर बदलून लहान घातले. बत्तीस जोड. घरात लावून बघितलं तर झकास चाललं. तुला सोमवारी सांगून चकित करायचं असं ठरवलं होतं, पण सोमवारी तू पहाटेच कार्ड घेऊन गेलीस आणि ते थेट फौंड्रीत लागलं.

चिपेच्या पायांना ते ओझं पेलवलं नाही. गार असताना कसंबसं चाललं, पण भट्टीजवळच्या उष्म्यात आठवड्याभरात चिप आतनं जळत गेली आणि पायावरचा व्होल्टेज इतका खाली आला की पुढच्या चिपेला 'उघड' हे ऐकूच जाईना. पाणी सुटलं नाही, वाळू कोरडी राहिली, ओतताना साचा ढासळला आणि लोखंडाचा रस एका माणसाच्या बुटावर गेला. बूट जाड होता म्हणून पाय वाचला. कार्ड शेडमध्ये परत आलं तेव्हा मी तिथंच होते. तू भिंग लावून बघतेस. बराच वेळ बघतेस. मी तुझ्या पाठीमागं उभी आहे आणि तू आता मान वळवून मला विचारशील म्हणून वाट बघते आहे. तू विचारत नाहीस. तू म्हणतेस, "जोड माझंच हाईत." मग मालकांकडं बघून, "म्हंजे मीच केलंय. आन् मला आठवंना झालंय." तुझी आई शेवटची सहा वर्षं तुला ओळखत नव्हती. तू तेव्हा अठ्ठेचाळीसची. ती चिप तू स्वतः भिंतीला लावलीस आणि दुसऱ्या दिवशी टेबल सोडून तारा कापायच्या कामाला जाऊन बसलीस. मालकांनी दोनदा समजावलं. "नगं," म्हणालीस, "कुणाचा तरी पाय जाईल."

तुझं सोल्डरिंगचं आयर्न तू मला दिलंस. "तुझा हात चांगला हाय," एवढंच बोललीस. स्वयंपाकघरात कॅलेंडरशेजारी पेन्सिल टांगलीस. आमटीत मीठ घातलं की एक फुली, गॅस बंद केला की एक फुली. अकरा वर्षांत आमटी एकदाही खारट झाली नाही. दादा अजून पाहुण्यांना सांगतो, आईला तवापास्नंच इसरायला व्हायला लागलं होतं, आजीसारखं. मी पाहुण्यांना चहा देते. दवाखान्यातल्या शेवटच्या आठवड्यात तू डॉक्टरला तुझ्या सगळ्या गोळ्यांची नावं सांगितलीस, कुठली कधी तेही, आणि तो गेल्यावर मला हळूच विचारलंस, "मी कायबाय बडबडतोय का गं?" मी म्हणाले, नाही आई, बरोबर बोलतेस. एवढंच म्हणाले. खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

हे दादाला दाखवावं असं लिहायला बसताना वाटलं होतं. दाखवणार नाही. ओल्या दगडासारखी बसून आहे मी, रडूही येत नाही. आजच्या त्या पोरीचा मात्र राग आला, इतकं सोपं कसं असतं म्हणून. भीतीनं गप्प बसले, असं मी आजवर स्वतःला सांगत आले. भीती होतीच, नाही कशाला म्हणू. पण आई, भिंगाखाली माझे जोड बघून तू 'जोड माझंच हाईत' म्हणालीस ना, तेव्हा सगळ्यात आधी मला आनंद झाला होता.