हान ते न्यूर्नबर्ग, पन्नास मिनिटं

नेकारसुल्म, जर्मनी, मंगळवार संध्याकाळ

पन्नास मिनिटं! सासऱ्यांनी त्यांच्या युरोप ट्रिपचा प्लॅन पाठवलाय. सकाळी हानच्या विमानतळावर उतरायचं आणि दुपारी न्यूर्नबर्गहून पुढचं विमान. मधल्या प्रवासाला धरलीत पन्नास मिनिटं. कुठल्याशा साइटवर पाहिलं म्हणे. अहो, ते नकाशावरच्या सरळ रेषेचं गणित! तिथून तिथे विमानच जात नाही. गाडीनं साडेतीन तास, तेही श्टाऊत, म्हणजे इथल्या ट्रॅफिक जॅममध्ये, अडकलो नाही तर.

हे सांगायचं कुणी? मुलानंच ना? पण निखिल गेल्या दिवाळीपासून वडिलांशी बोलत नाही. आमच्याकडे येणं तर प्लॅनमध्येच नाही. "तूच सांग," म्हणाला आणि भांडी घासायला लागला. जन्मभर इंजिनिअर असलेल्या माणसाची चूक सुनेनं काय म्हणून काढायची?

शेवटी केला फोन. "बाबा, तिथे विमान नाहीये, रस्त्यानंच जावं लागेल. मी रजा काढते, गाडी घेऊन येते."

पलीकडे बाबा कागद चाळू लागले. मग मागून आईंचा आवाज, "अहो, रस्त्यानं म्हणजे वाटेत यांचं घर लागत असेल ना?"

"लागतं," मी घाईघाईनं म्हटलं.

बाबा खाकरले. "बरं. मग ती पन्नास मिनिटं तुमच्याकडे टेकू."

स्वयंपाकघरात जाऊन निखिलला सांगितलं. मघापासून तीच कढई घासत होता. हात थांबला.

"पन्नासच?"