वेशीवरची हाक

प्रिय डोमा,

वांकिडीच्या बाजारात तुमच्या राजुऱ्याकडचा एक गाडीवान भेटला. तू धडधाकट आहेस, कापूस बरा आहे, म्हणाला. जीव थंड झाला. वाळला तर नाही ना, असं तुझ्या वहिनीनं मला दोनदा विचारलं. तिचे गुडघे आता चुलीपुढून उठू देत नाहीत, तरी रोज एक भाकर जास्तीची थापते.

दिवे लागले की बाबा वेशीवर उभे राहून ओरडायचे, "कोनी उपाशी हाये का?" आपण दोघं अंधारात टक लावून बसायचो, आज कोण येते म्हणून. कधी गाडीवाले, कधी माहूरला चाललेला बैरागी, एकदा तर नवऱ्यानं हाकललेली बाई. आलेले जेवल्याशिवाय बाबा आपल्याला वाढत नसत. निजामाच्या वेळेपासून आपण कसतो त्या देवळाच्या शेताला सरकारी सारा माफ होता, तो वाटसरूला जेवू घालायच्या याच हाकेवर.

बाबांच्या मागं हाक माझ्याकडं आली आणि आपलं वाजलं. शेजारचा फकिरा, पाऊस दगा देवो की कीड लागो, सारा भरते, मग देवाचं शेत काऊन नाही भरत, असं तू विचारलंस. मी म्हणालो, देव भाकरीनं भरते. तू हसलास आणि देवळाच्या ओट्यावरच्या भरल्या ताटावरून उठून राजुऱ्याला गेलास. पुढं निजामाच्या जुन्या राज्याची भाषेवरून वाटणी झाली. तू तिकडच्या राज्यात, मी इकडच्या. गाड्या आपलं गाव सोडून सरहद्दीच्या नाक्याच्या नव्या सडकेनं जाऊ लागल्या. माझ्या हाकेला कुत्र्यांशिवाय कोणी ओ देईना.

परवा माफीच्या चौकशीला साहेब आला. तेलुगू माणूस, भला. जोडे बाहेर काढून देवळाच्या ओट्यावर बसला. या वर्षी कोण कोण जेवलं, म्हणाला. मी ओट्यावरची धूळ पुसू लागलो. त्याला माझी कीव आली असावी. "बाबा, एक तरी नाव सांगा, माफी ठेवतो," म्हणाला. दुसरं कोणाचंही नाव चाललं असतं रे, पण जिभेवर तुझंच आलं. पल्याड जाऊन तुला कोण विचारणार होतं? तरी ज्या ओट्यावरून तू उठून गेलास, त्याच ओट्यावर बसून तू जेवलास असं म्हणवेना. कोणी नाही, असं सांगून टाकलं.

माफी गेली. येत्या हंगामापासून देवाचं शेतही फकिराच्या शेतासारखं सारा भरेल. तू म्हणत होतास तेच झालं. कोणी जेवतच नसेल तर माफी कशाची, हे मलाही पटते. फक्त वर गेल्यावर बाबांना काय सांगू, ते कळत नाही.

आता हाक मारायचं बंधन उरलं नाही. तरी काल दिवेलागणीला पाय वेशीकडंच वळले, आणि तोंड तुझ्या गावाकडं झालं. तुझी वहिनी म्हणाली, आता कोणाला बोलावून राह्यले? त्याचं उत्तर तुला लिहितो. आपल्या दारातून उपाशी गेलेला तू एकटाच आहेस. एकदा येऊन जेवून जा.

पान मांडून बसलेला,
तुझाच
धोंडीदादा