थोरलीची ओ

३ फेब्रुवारी २०२५, हरिपूर

साताऱ्याहून दुपारी पोचलो. आप्पासोंच्या हळदीच्या गोदामाची देखरेख आजपासून माझ्याकडे. मागच्या दोन खोल्या आम्हा नवरा-बायकोला. जागा झकास, कृष्णेवरून वारा येतो. अंगणात जुनं पेव आहे: हळद साठवायला जमिनीत खणलेली कोठी, तोंड अरुंद, आत खोलीएवढी. हल्ली माल गोदामात राहतो, त्यामुळे पेव रिकामं, वर फरशी. पन्नाशीनंतर सामान हलवणं नको वाटतं, तरी सगळं मीच लावलं. पद्माला लावायला दिलं की परत लावावं लागतं. माझी शाळा दहावीला सुटली, वाचन नाही सुटलं. उद्या सांगलीत वाचनालय शोधायचं.

६ फेब्रुवारी

काय कादंबरी मिळाली! हळदीचा व्यापारी, त्याच्या दोन बायका. थोरली पेवात गुदमरून मेलेली. नवरा धाकटीला 'अगं' म्हणून हाक मारतो आणि थोरलीच आधी ओ देते. किंचाळत वगैरे नाही. दमलेल्या बाईसारखं नुसतं 'आले' म्हणते. धाकटी तिला भितेही, आणि कामाला जोडीदारीण मिळाली म्हणून सुखावतेही. असल्या बायका कागदावर उतरवणं सोपं नाही. शिजत्या हळदीचा वास तर पानातून येतो. एकच दोष, थोरलीला नाव नाही. समासात पेन्सिलीने लिहिलं: 'लेखकाची चूक.'

पद्माला संध्याकाळी वाचून दाखवतो. ती म्हणाली, चूक कसली, तिचं नाव कधी कुणी घेतलंच नसेल.

८ फेब्रुवारी

हळद निवडायला येणाऱ्या रंगूबाईंनी आज मला धारेवर धरलं. "आवं, ह्या अंगणात नुसतं अगं-अगं करून वरडू नगासा. बायकूला नाव न्हाई व्हय?" बाकीच्या बायका फिदीफिदी हसल्या. आमच्यात बायकोला नावाने हाक मारायची रीत नाही, वडिलांनी आईला मारली नाही, मीही लग्नापासून मारलेली नाही, असं सांगितलं. "मग कोन बी ओ दील की," म्हणाल्या. तुम्हीही ती कादंबरी वाचलीत वाटतं, असं गमतीने विचारलं. आपल्याला अक्षर येत नाही म्हणाल्या.

११ फेब्रुवारी

चहासाठी हाक मारली. अंगणातून 'आले' ऐकू आलं. पद्मा स्वयंपाकघरात, पदराला हात पुसत उभी. तिने ओ दिलीच नव्हती. पोकळ पेवामुळे आवाज घुमतो, हे तिला नीट समजावलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, आज चहात काय चुकलं ते सांगायचं राहिलं तुमचं.

१४ फेब्रुवारी

पद्मा आता ओ देतच नाही. मी हाक मारली की अंगणाकडे बघत थांबते. तिकडून ओ आली की सुस्कारा टाकते. मी रागावलो. "इतकी वर्षं मीच देते. दमले हो," म्हणाली. "देऊ दे की तिला."

कादंबरी तिने माझ्याआधी वाचून संपवली आहे. धाकटीचं शेवटी काय होतं, विचारलं. सुटते, म्हणाली.

१६ फेब्रुवारी

फरशी सरकली होती. हमालांना घेऊन परत बसवली. एकट्या माणसाला हलत नाही ती — झोप नाही. पद्माला म्हटलं, आपण साताऱ्याला जाऊ, नोकरी गेली तर गेली. नको म्हणाली, इथे बरं वाटतं. तिला नेणारच. उद्याच.

१७ फेब्रुवारी, दुपार

बॅगा भरल्या. पद्मा नाही. घरात नाही, गोदामात नाही. फरशी बाजूला, कडेला तिच्या चपला —

अगं म्हटलं. 'आले.' पद्मा नव्हे.

रंगूबाई ओरडतायत, नावानं बलवा, नावानं! दोर आणायला पळाल्या. जीभ उचलत नाही माझी. तेवढी दोन अक्षरं —

हाक मारली. 'पद्मा.' मोठ्याने. आयुष्यात पहिल्यांदा.

लगेच ओ आली. आवाज पद्माचा नाही. हरखलेला. कोणीतरी वर चढतंय. पद्माचं नाव मी थोरलीला देऊन ब